मुलगी मोठी होताना: पालकसभेनंतर जिन्यात विचारले जाणारे प्रश्न

मध्य मुंबईतल्या एका मराठी शाळेत मी पाचवी ते आठवीला विज्ञान शिकवते. जूनमध्ये पहिली पालकसभा होते तेव्हा सगळे गणवेश, फी आणि अभ्यासाबद्दल विचारतात. खरे प्रश्न सभा संपल्यावर येतात, जिन्यात, आवाज खाली घालून: "बाई, एक मिनिट होतं का?" बावीस वर्षांत त्या एका मिनिटात ऐकलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही. शरीराबद्दल लिहिलेलं सगळं डॉक्टरांकडून नीट समजून घेऊन लिहिलं आहे, आणि घर-शाळेबद्दलचं माझ्या अनुभवातून.

मुलगी तिसरीत आहे, आठ वर्षांची. पाळीबद्दल इतक्या लवकर बोलायचं?

हो. मुलींच्या शरीरातले बदल आठ ते तेरा या वयात कधीही सुरू होतात. पाळी बहुतेकींना अकरा ते चौदाच्या दरम्यान येते, पण दहाव्या वर्षी येणाऱ्याही असतात. आमच्याकडे पाचवीच्या वर्गात दरवर्षी दोघी-तिघी तरी असतातच.

काही वर्षांपूर्वी पाचवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत बाकावरून उठेना. मला वाटलं मैत्रिणीशी भांडण झालं असेल. पुढच्या दोन तासिकाही ती तशीच बसून राहिली. शेवटी जवळ जाऊन विचारलं तर म्हणाली, "बाई, मला काहीतरी झालंय, मी आता मरणार ना?" तिच्या घरी आई, आजी, काकू, मोठी चुलत बहीण अशा चार बायका होत्या. प्रत्येकीला वाटत होतं की दुसरी कुणीतरी सांगेल, किंवा अजून वेळ आहे. त्या वर्षापासून मी पाचवीची वाट पाहत नाही. चौथीच्या वर्गशिक्षिकेला सांगून चौथीच्याच पालकांना बोलावून घेते.

सुरुवात कशी करू? मला शब्दच सुचत नाहीत.

तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुमच्याजवळ शब्द नाहीत. त्यात तुमचा दोष नाही. आपल्याकडे या गोष्टीला 'कावळा शिवला', 'अडचण आहे', 'एमसी आली', 'डेट आली', 'प्रॉब्लेम आहे' असं सगळं काही म्हणतात. घरात काहीही म्हणा, पण मुलीला 'पाळी' हा शब्द स्वच्छ सांगा. अवयवांची नावंही सांगा: गर्भाशय, योनी, स्तन. 'शूची जागा' एवढ्यावर भागवू नका. लघवीची जागा, योनी आणि शौचाची जागा अशा तीन वेगळ्या जागा असतात, हे सातवीतल्या मुलींनाही माहीत नसतं. पाळीचं रक्त लघवीतून येतं असं अनेकींना वाटतं. नाव माहीत असेल तर डॉक्टरांना नेमकं सांगता येतं. आणि कुणी नको तिथे हात लावला, तर तेही सांगता येतं.

समोर बसवून "आज तुला एक महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे" असं करू नका, मूल घाबरतं. मेथी निवडताना, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना बोला. हात कामात असले आणि डोळे एकमेकींवर नसले की दोघींनाही सोपं जातं. मी सुचवते ते साधारण असं: "तुझ्या पोटात बेंबीखाली मुठीएवढी एक पिशवी आहे, तिला गर्भाशय म्हणतात. तू मोठी झालीस की दर महिन्याला तिच्या आत मऊ अस्तर तयार होईल. बाळ नसेल तर ते अस्तर लागत नाही, मग ते रक्ताबरोबर बाहेर येतं. चार-पाच दिवस येतं आणि थांबतं. मलाही येतं." हे शेवटचं वाक्य गाळू नका.

'घाण रक्त बाहेर पडतं' असं मात्र सांगू नका. ते घाण नसतं. सगळे दिवस मिळून साधारण दोन-तीन मोठे चमचे एवढंच रक्त जातं. कपड्यावर पसरल्यामुळे ते खूप वाटतं.

एकदा सांगून काम संपत नाही. आज एवढं, दोन महिन्यांनी आणखी थोडं. मुली मधेच काहीतरी विचारतात आणि उत्तर मिळताच खेळायला पळतात. तसंच होऊ द्या.

छातीत गाठ लागतेय. काही वाईट तर नाही ना?

या प्रश्नाला रडत आलेल्या आया मी पाहिल्या आहेत. आठ-नऊ ते बारा या वयात स्तनाग्राच्या खाली बोराएवढी कडक, दाबल्यावर दुखणारी गाठ येते. तीच सुरुवात असते. बरेचदा ती आधी एकाच बाजूला येते आणि दुसरी बाजू काही महिन्यांनी मागून येते. हे नेहमीचं आहे. त्यानंतर काखेत आणि जांघेत केस, घामाला वास, भराभर उंची, चेहऱ्यावर पुटकुळ्या. मग पांढरं जायला लागतं. खाज, घाण वास नसेल तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पाळी काही महिन्यांवर आल्याची ती खूण असते. गाठ दिसल्यापासून पाळी येईपर्यंत साधारण दोन ते अडीच वर्षं जातात. म्हणजे बोलायला भरपूर वेळ मिळतो.

पाळी आल्यावर उंची वाढायची थांबते असंही विचारतात. लगेच थांबत नाही. वेग कमी होतो, पण त्यानंतरही साधारण पाच ते सात सेंटीमीटर वाढ होते.

डॉक्टरकडे कधी न्यायचं?

आठ वर्षं पूर्ण व्हायच्या आत स्तनांची वाढ दिसली तर. तेरा वर्षांपर्यंत काहीच बदल दिसला नाही तर. पंधरा वर्षांपर्यंत पाळी आली नाही तर. एक-दोन तासांत पॅड पूर्ण भिजत असेल, रक्तस्राव सात दिवसांपेक्षा जास्त चालत असेल, किंवा एकदा पाळी आल्यावर तीन महिने आलीच नाही तर. यापैकी काहीही असलं तर 'बघू अजून थोडे दिवस' असं करू नका. परळचं वाडिया बालरुग्णालय आहे, केईएम, सायन, नायर ही महापालिकेची मोठी रुग्णालयं आहेत. सरकारी रुग्णालयांमध्ये किशोरवयीन मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिक असतं. 'स्त्रीरोग' या पाटीखाली लहान मुलीला घेऊन बसायला आयांना संकोच वाटतो, तिथे तो वाटायला नको.

पाळी कधी पंचवीस दिवसांनी, कधी चाळीस दिवसांनी. शेजारीण म्हणते पीसीओडी आहे.

पहिली दोन-तीन वर्षं एकवीस ते पंचेचाळीस दिवसांचं अंतर चालतं. मेंदू आणि अंडाशय यांचा ताळमेळ बसायला वेळ लागतो. इतक्या लवकर केलेल्या सोनोग्राफीत अंडाशयात बारीक फुगे दिसणं साधारण असतं, त्यावरून पीसीओडीचा, म्हणजे अंडाशयाच्या त्या विकाराचा, शिक्का मारता येत नाही. अंतर वरच्या हिशेबात बसत नसेल, शिवाय हनुवटीवर दाट केस, मानेवर काळी जाड त्वचा असं काही असेल, तर डॉक्टरांना दाखवा. शेजारणीला नाही.

कालनिर्णयवर तारखेला बारीक टिंब करायची सवय मुलीला लावा. मोबाइलमधल्या ॲपपेक्षा भिंतीवरचं टिंब बरं. डॉक्टर पहिला प्रश्न तारखेचाच विचारतात.

शाळेतच पाळी आली तर?

शाळेत नेमकं काय आहे हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि तुम्ही विचारावंच. आमच्याकडे शिक्षकखोलीच्या कपाटात पॅड, चार मापांचे जादा स्कर्ट, नव्या निकर, जुनी वर्तमानपत्रं आणि गरम पाण्याची पिशवी असते. पॅड मागताना कारण सांगावं लागत नाही, वहीत नाव लिहावं लागत नाही. हे ठरवायला आम्हाला वेळ लागला. पूर्वी वही होती, आणि वहीमुळे मुली मागायलाच येत नसत.

सगळ्यात महत्त्वाचं माणूस म्हणजे शाळेतल्या मावशी. मुलगी बाईंकडे येण्याआधी मावशींकडे जाते. मावशी ओरडणाऱ्या असतील, तर कपाटातलं सगळं असून नसल्यासारखं. म्हणून शिक्षकांच्या बैठकीला आम्ही मावशींनाही बसवतो.

मुलीच्या दप्तरात एक छोटी कापडी पिशवी ठेवा. दोन पॅड, एक निकर, कागदाचे दोन तुकडे. चौथी-पाचवीपासूनच ठेवा, वापर झाला नाही तरी. घरी एकदा तिच्याकडून निकरला पॅड लावून घ्या. पहिल्यांदा चिकट बाजू वर करणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. कुणी दाखवलंच नाही तर त्यांना कळणार कसं?

मुलगी शाळेत पाणीच पीत नाही. बाटली भरलेली परत येते.

हा प्रश्न आरोग्याचा वाटतो, पण असतो शौचालयाचा. कडी नाही, पाणी नाही, बादली नाही, पॅड टाकायला झाकणाचा डबा नाही, अशा जागी जायचं नाही म्हणून मुली दिवसभर लघवी धरून ठेवतात आणि पाणी तोडतात. मग मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, डोकं दुखतं, बद्धकोष्ठ होतो. पाळीच्या दिवसांत तर सरळ शाळा बुडते. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं असतं. सकाळी सातला घर सोडलेल्या मुलीला एकदा तरी शाळेत जागा लागतेच.

मुलींसाठी वेगळं शौचालय असलं पाहिजे असं शिक्षणहक्क कायदा २००९ पासून सांगतो. पण पाटी लावली म्हणजे शौचालय झालं असं नाही. पालकसभेला याल तेव्हा मुलींच्या शौचालयात स्वतः जाऊन या. आतून कडी लागते का, नळाला पाणी येतं का, डबा रोज रिकामा होतो का, एवढं बघा. काही नसेल तर लेखी द्या, पाच-सहा पालकांनी मिळून द्या. माझा अनुभव असा की तोंडी तक्रार कुठेही पोचत नाही आणि सह्यांचा कागद पोचतो. आमच्या मजल्यावरच्या कड्या अशा कागदामुळेच बसल्या.

घराचं म्हणाल तर चाळीत आणि वस्तीत हा प्रश्न आणखी कठीण आहे. मजल्याच्या टोकाला सगळ्यांचे संडास, किंवा गल्लीबाहेरचं सार्वजनिक शौचालय, रात्री अंधार, बाहेर उभी असलेली टोळकी. मुलगी मोठी झाली म्हणून तिला 'रात्री जाऊ नको' सांगणं सोपं असतं, पण तिला जावं तर लागतंच. कुणीतरी सोबत जा. वडील, भाऊ, कुणीही. आणि हातात पॅड मिरवत न्यायला लागू नये म्हणून दाराशी एक पिशवी अडकवून ठेवा. आमच्या काही मुलींच्या घरी नेतात ती साधी रेशनची पिशवीच असते.

पॅड कोणतं? कापड चालेल का? कप?

घरात जे परवडेल आणि स्वच्छ राहील ते. कापड वाईट नाही, ओलसर कापड वाईट. मुंबईच्या पावसाळ्यात खोलीत, कपाटामागे लपवून वाळवलेलं कापड वाळतच नाही. कापड वापरायचं तर ते साबणाने धुऊन उन्हात, उघड्यावर वाळलं पाहिजे. लाज वाटते म्हणून वर साडी टाकून ठेवतात, ते नको. जनऔषधी केंद्रात 'सुविधा' पॅड एक रुपयाला मिळतं. सुवासिक पॅडने त्वचेला त्रास होतो, टाळा. कप, म्हणजे योनीत बसवून रक्त गोळा करणारी, पुन्हा वापरता येणारी वाटी, वैद्यकीयदृष्ट्या चालतो, पण तो धुवायला-उकळायला शांत जागा आणि पाणी हवं. लहान मुलीला सुरुवातीला पॅडच सोपं.

वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून डब्यात टाका, कमोडमध्ये किंवा खिडकीबाहेर नको. आपला कचरा कुणीतरी हाताने वेगळा करत असतं.

पोट दुखतं म्हणून दर महिन्याला दोन दिवस घरी राहते.

पहिल्या दिवशी ओटीपोटात, कंबरेत कळा येणं साधारण आहे. गरम पाण्याची पिशवी, हलकं चालणं, झोप. डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर ती दुखायला लागताच घ्यावी, असह्य व्हायची वाट पाहू नये. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणू नका, आणि मुलीचं वजन व जुने आजार डॉक्टरांना सांगा. गोळीची जन्माची सवय लागते ही समजूत खोटी आहे.

पण दर महिन्याला शाळा बुडत असेल, उलट्या होत असतील, चक्कर येत असेल, तर 'बाईच्या जातीला हे सहन करायचंच' असं तिला ऐकवू नका. ते वाक्य मी लहानपणी ऐकलं आहे, आणि त्यामुळे मी कित्येक वर्षं डॉक्टरकडे गेले नाही. दाखवून घ्या.

शाळेत सोमवारी निळी गोळी देतात. ती उष्ण असते म्हणे?

ती लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी आहे, आठवड्यातून एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या दर शंभर मुलींमध्ये ५९ जणींना रक्तक्षय आढळला. बारा वर्षांवरच्या मुलीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की तो रक्तक्षय. शेवटच्या तासाला डुलक्या घेणारी, जिना चढताना धाप लागणारी मुलगी अनेकदा आळशी नसते, तिच्या अंगात रक्त कमी असतं.

गोळी उपाशीपोटी नको, जेवणानंतर. शौच काळी होते, त्याला घाबरू नका. जेवताना चहा नको, चहामुळे लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळा. नाचणीची भाकरी, हळिवाचे लाडू, पालेभाजी, कडधान्यं, आणि खात असाल तर मासे-अंडी. घरात आधी बाबा आणि दादा जेवतात आणि उरलेलं मुलीला, अशी पंगत अजून असेल तर गोळी एकटी काही करू शकणार नाही.

आमच्याकडे देवाचं कडक आहे. गणपतीत पाळी आली तर तिला बाजूला बसवायचं का?

माझं मत मी लपवणार नाही. बसवू नका.

तुमच्या श्रद्धेबद्दल माझी तक्रार नाही. मी स्वतः गणपती बसवते. पण दहा-अकरा वर्षांची मुलगी काय पाहते ते बघा. काल ती मोदकांना कळ्या पाडत होती. आज तिला सांगतात, पाण्याला शिवू नको, चटईवर बस, आरतीला येऊ नको. का, ते सांगत नाहीत. आणि घरी आलेल्या पाहुण्यांना, चुलत भावांनाही कळतं ती कोपऱ्यात का बसली आहे. माझं अंग काहीतरी वाईट करतंय, एवढंच तिला त्यातून समजतं. पुढे दुखलं-खुपलं तरी ती सांगत नाही.

वन रूम किचनच्या घरात बाजूला बसायला बाजू तरी कुठे असते? बहुतेक घरांत सासूबाईंसमोर सून काही बोलू शकत नाही हेही मला माहीत आहे. एका आजींनी मला सांगितलेला मार्ग मला आवडला. त्या म्हणाल्या, "देवघराचं मी बघते, पण नातीला पाणी, जेवण, अंथरूण सगळं आमच्यातच. आणि आरतीला ती माझ्या शेजारी उभी राहते." घरात निर्णय आजींचा असेल तर बोलणं आजींपासून सुरू करा. अनेक आजींना त्यांना स्वतःला बसवलेले दिवस आठवतात, आणि त्या आपल्यापेक्षा लवकर विरघळतात.

वडिलांनी यात पडायचं का?

पडायचं. मेडिकलमधून पॅड आणणं आणि काळ्या पिशवीचा आग्रह न धरणं एवढ्याने सुरुवात होते. आई कामाला किंवा गावी गेलेली असताना मुलीला पाळी आली, तर तिने बाबांना सांगायचं की नाही? हे आधीच ठरवा आणि तिला सांगून ठेवा. आई नसलेल्या घरात आत्या, मावशी, शेजारच्या काकू यांच्यापैकी एक माणूस तिच्याच पसंतीने निवडा.

आणि मुलगी मोठी झाली म्हणून तिच्याशी खेळणं, जवळ घेणं एकदम बंद करू नका. बाबा का दूर गेले, हे तिला कळत नाही.

मुलग्यांनाही हे शिकवता? कशाला?

शिकवतो. स्कर्टवर डाग दिसला की पहिलं हसणारा मुलगा बहुतेक वेळा न कळल्यामुळे हसतो. आमच्या आठवीच्या मुलांना गर्भाशयाचं चित्र काढता येतं. एका मुलाने पुढच्या बाकावरच्या मुलीला गुपचूप स्वेटर कमरेला बांधायला दिला आणि माझ्याकडे येऊन म्हणाला, "बाई, तिला बोलवा ना." त्याने वर्गात तोंडही वळवलं नव्हतं. हे धड्यातून आलं की घरातून, माहीत नाही.

चिडते, आरसा सोडत नाही, जाडी झाले म्हणते.

या वयात वजन वाढतं आणि वाढायलाच हवं. घरात कुणीही, विनोदानेसुद्धा, तिच्या अंगाबद्दल, रंगाबद्दल, पुटकुळ्यांबद्दल बोलू नये. आत्याबाईंना तिथल्या तिथे थांबवा. घरात दार लावून बसायला खोली नसते, म्हणून तिला दिवसातला अर्धा तास तरी कुणी न बोलता द्या. गॅलरीची एक बाजू, वरचा पलंग, जे असेल ते. जेवण तोडत असेल, झोप उडाली असेल, स्वतःला इजा करत असेल, तर मात्र वाट पाहू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी फोन-सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

कुणी त्रास देत असेल तर ती सांगेल का?

आधीच्या लहान गोष्टी ऐकून घेतल्या असतील तर सांगेल. लोकलच्या गर्दीत, शिकवणीच्या जिन्यात, ओळखीच्या घरात, कुठेही होऊ शकतं, आणि बहुतेकदा माणूस ओळखीचा असतो. तिने सांगितलं तर पहिलं वाक्य "तू तिथे गेलीसच कशाला" हे नसावं. "बरं झालं सांगितलंस" हे असावं. आणि तिची शिकवणी, खेळ, मैत्रिणी बंद करू नका. नाहीतर सांगितल्याची शिक्षा तिलाच होते आणि पुढच्या वेळी ती गप्प बसते.

२०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शाळेलाही. 'आपण आपसात मिटवू' असं शाळेने म्हटलं तर तो शाळेचा गुन्हा ठरतो. मुलांसाठीची चाइल्ड हेल्पलाइन १०९८, रात्रंदिवस, मोफत. २०२२ पासून शाळांमध्ये मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी. तुमच्या शाळेत ती आहे का आणि तिच्यात पालक कोण आहे, हे विचारा.

गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची लस?

एचपीव्ही लस ९ ते १४ वयात द्यायची असते, आणि या वयात ती सर्वांत चांगलं काम करते. पंधरा वर्षांखाली साधारण दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने. पुण्यात बनणारी लसही मिळते. बालरोगतज्ज्ञांना विचारा. तिने मुलगी 'बिघडते' वगैरे काही होत नाही.

मुलगी गतिमंद आहे. तिला कसं समजावू?

या मुलींना सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त वेळा सांगावं लागतं. शब्दांनी कमी, करून जास्त. बाहुलीला पॅड लावा. लाल रंगाचं पाणी पॅडवर टाकून 'ओलं झालं, आता बदलायचं' असं दाखवा. रोज एकाच वेळी, एकाच जागी. आमच्या शाळेतल्या एका मुलीच्या आईने पाळी यायच्या आधी वर्षभर तिला दर रविवारी दिवसभर पॅड लावून सवय केली. पहिली पाळी आली तेव्हा मुलगी मावशींकडे गेली आणि म्हणाली, "रविवार आला."